फणेरपेटी घरी जाते

दोन टेबलं जोडून त्यांच्यावर जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी पसरली आहे. तिच्यावर एकेक वस्तू मांडली जाते आहे. पंपाचा पितळी स्टोव्ह, तांब्याचा बंब, कल्हई उडालेली दोन पातेली, धान्य मोजायची मापं, एक लाकडी फणेरपेटी. अडकित्ता मात्र पिशवीतच राहणार आहे, त्याची धार अजून शाबूत आहे.

विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रोडच्या आतल्या गल्लीत, तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावरचा हा हॉल. एरवी इथे योगासनांचा वर्ग भरतो, सोसायटीची सभा होते. आज येणारी माणसं पंचाहत्तरीच्या पुढची आहेत आणि त्यांतल्या निम्म्याजणांना स्मृतिभ्रंश आहे. नोंदवही माझ्याकडे आहे, म्हणून मी टेबलाच्या कोपऱ्याशी बसले आहे.

या वस्तू कुठल्या संग्रहालयाच्या नाहीत, माळ्यावरच्या आहेत. पार्ल्यात गल्लोगल्ली इमारती पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करायची वेळ आली की माळा उतरवतात आणि तीन पिढ्यांचं पितळ वजनावर मोडीत निघतं. भाड्याच्या दोन खोल्यांत बंब न्यायचा कुठे? त्यातल्या काही वस्तू शेजारपाजारच्या मंडळींनी मागून ठेवल्या. संग्रहालयशास्त्र शिकलेली एक मुलगी त्यांना मिळाली. तिने प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, क्रमांक दिला, धातू, उंची, घेर, कुणाच्या घरची, हे सगळं लिहून काढलं. संस्था उभ्या करायची पार्ल्याला जुनी सवय आहे. टिळक विद्यालय १९२१चं, लोकमान्य सेवा संघ १९२३चा. हे काम अजून संस्था म्हणावी एवढंही नाही. दोन टेबलं, एक कपाट आणि ही वही.

लोक यायला लागायच्या आधी ती मुलगी सोबत येणाऱ्या नातेवाइकांना बाजूला घेऊन एकच गोष्ट बजावते. ‘आठवतंय का?’ असं विचारायचं नाही. ज्याची स्मृती सुटत चालली आहे त्याला दिवसभर हाच प्रश्न ऐकावा लागतो, आणि प्रत्येक वेळी त्याला आपल्या हातून काय निसटलं तेवढंच कळतं. त्याऐवजी, हे कसं धरायचं, कुठे ठेवायचं, आता पुढे काय करायचं, असं विचारा. उत्तर आलं नाही तर आपण गप्प बसायचं. घाई करायची नाही.

पहिले आजोबा येतात ते बायकोचा दंड धरून. लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचं वाक्य हल्ली सुरू होतं आणि मध्येच थांबतं, असं काकू सांगतात. थांबलं की ते चिडतात, म्हणून आताशा बोलायचंच टाळतात. खुर्चीत बसल्यावर आजोबा पंख्याकडे बघत राहतात. मुलगी काही न बोलता स्टोव्ह त्यांच्या उजव्या हाताशी सरकवते.

काही वेळ काहीच होत नाही. मग बोटं टाकीच्या गोलाईवरून फिरतात. चावी सापडते. अंगठा आणि तर्जनी ती घट्ट पिळतात. तळहात पंपाच्या दांड्यावर जातो. एक, दोन, तीन. आजोबा पंख्यावरची नजर काढून स्टोव्हकडे बघतात, मान वाकवून कान जवळ नेतात. दांडा सहज मागेपुढे होतो आहे, आत दाब बसत नाही.

“वायसर,” ते म्हणतात.

काकू माझ्याकडे बघतात.

“सुकलंय. तेल सोड.”

हॉलच्या मोरीशेजारच्या फडताळात खोबरेलाची बाटली आहे, ती कुणीतरी आणून देतं. आजोबा पंपाचं झाकण फिरवून दांडा बाहेर ओढतात. टोकाला वाटीसारखा चामड्याचा तुकडा, कडक झालेला, कडा आत वळलेल्या. ते त्यावर तेलाचे थेंब सोडतात आणि नखाने कडा हळूहळू बाहेर काढतात, गोल फिरत, एक बाजू झाली की दुसरी. चामडं काळपट होतं, मऊ पडतं. परत घालताना दांडा सरळ ढकलत नाहीत, फिरवत फिरवत आत नेतात. “नाहीतर दुमडतं,” हे मुलीला. पूर्ण वाक्य. पुन्हा पंप मारल्यावर हाताला जोर लागतो आणि बर्नरच्या तोंडातून बारीक फुसफुस ऐकू येते. टाकीत रॉकेल नाही, नुसती हवा आहे. आजोबा ऐकतात आणि पुढची सूचना देतात, “पिन मार.”

“चाळीत कुणाचाही स्टोव्ह बिघडला की ह्यांनाच हाक,” काकू म्हणतात. “बर्शेनचा सिलिंडर आला तरी दोन वर्षं मी स्टोव्ह टाकू दिला नव्हता. गॅसवर विश्वासच नव्हता माझा.” मग नवऱ्याकडे वळून, “अहो, समोरच्या बिऱ्हाडातला तुम्ही रात्री बारा वाजता उघडून बसला होतात.” आजोबा उत्तर देत नाहीत, पण ‘हं’ म्हणतात. ते ‘हं’ बरोबर जागेवर पडतं.

मी वहीत लिहिते: चामड्याचं वायसर, खोबरेल सोडून कडा उलगडणे, दांडा फिरवत बसवणे. हे कुठल्याही संग्रहालयाच्या कार्डावर आयतं मिळणारं नाही. काचेमागे ठेवलेल्या स्टोव्हची उंची मोजता येते, पण त्याचा पंप कधी आणि का दगा देतो हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यातली काही अशा खुर्च्यांत, पंख्याकडे बघत बसलेली आहेत.

टेबलाच्या पलीकडच्या आजी मात्र स्टोव्हकडे पाठ करून बसल्या आहेत. “ते तिकडे न्या,” त्या दोनदा म्हणतात. मुलगी कारण विचारत नाही, स्टोव्हची जागा बदलते. महाराष्ट्रातल्या किती घरांत स्टोव्हचा भडका या दोन शब्दांखाली एखादी सून कायमची गेली, हे त्यांच्या वयाच्या बाईला माहीत असतंच. जुन्या वस्तू पाहून माणसं सुखावतात असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. वस्तूबरोबर सगळंच वर येतं, आणि जे वर येईल त्याच्याशेजारी थोडा वेळ बसायची तयारी असेल तरच हा उद्योग करावा.

आजारी माणूस आणि संग्रहालय यांचं नातं मुंबईला नवीन नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. १९७५पासून ते ज्यांचं नाव लावतं ते भाऊ दाजी लाड डॉक्टर होते, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. गोरगरिबांना ते फुकट तपासत, महारोगावर औषध शोधण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. तेच डॉक्टर जुनी नाणी गोळा करत, शिलालेख वाचत, आणि या शहराला संग्रहालय हवं म्हणून धडपडत. फोर्टातलं आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. त्याची इमारत उभी राहिली तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. तिच्यात आधी लष्करी इस्पितळ थाटलं गेलं आणि लोकांसाठी संग्रहालय म्हणून ती उघडली ती १९२२च्या जानेवारीत. त्या घुमटाखाली मूर्तींच्या आधी जखमी माणसं राहून गेली आहेत.

पण भायखळा काय, फोर्ट काय, या हॉलमधल्या माणसांना दोन्ही सारखीच लांब. पार्ले स्टेशनचा पूल चढायचा, गर्दीत लोकल पकडायची, उतरून टॅक्सी शोधायची आणि मग दालनांमधून उभ्याने फिरायचं. गुडघा बदललेल्या आणि रस्ता विसरणाऱ्या माणसासाठी यातली प्रत्येक पायरी अशक्य आहे. पार्ल्याच्या कुशीत विमानतळ आहे. त्याच्या टर्मिनल दोनमध्ये २०१४पासून देशभरच्या हजारो कलाकृतींची भिंत उभी आहे, पण ती डोळे भरून बघायची तर हातात विमानाचं तिकीट लागतं. संग्रहालयालाच माणसांकडे जावं लागतं, हे फोर्टातल्या संग्रहालयाने ओळखलं आणि २०१५ साली आपली बस रस्त्यावर काढली. ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस शाळांच्या पटांगणांत, गावोगावी जाते. मुलांसाठी झालं ते उत्तम झालं. तीच चाकं म्हाताऱ्यांच्या दारातही थांबावीत, असं मला इथे बसून फार वाटतं.

मापांपाशी आता गर्दी आहे. एक निवृत्त शिक्षिका आजी लोखंडी मापटं हातात घेतात आणि पाढे सुरू होतात. पावकी, निमकी, मग दिडकी. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. सकाळी नाश्ता झाला की नाही ते त्यांना सांगता येत नाही, असं मुलगी म्हणाली होती, पण दिडकी वीसपर्यंत कुठेही न अडखळता जाते. शेवटच्या दोन ओळी बाकीचे चारजण बरोबरीने म्हणतात. बाहेर धावपट्टीवरून विमान उठतं, त्याच्या घरघरीत तीस हा आकडा बुडून जातो, तर आजी तो पुन्हा, मोठ्याने म्हणतात.

“चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली,” त्या वर्गाला सांगतात. आता आम्ही सगळे त्यांचा वर्ग आहोत. एप्रिल १९५७मध्ये नवे पैसे आले, मागून किलो आणि लिटर आले, तेव्हा नोकरीची पहिली वर्षं होती आणि जुनं-नवं दोन्ही शिकवावं लागे, हेही त्या मधूनच सांगून टाकतात.

मुलीने वाडग्यात तांदूळ आणले आहेत. आजी मापटं भरतात, वरून तळहात फिरवतात, सपाट.

“असं नाय मोजत,” मागून आवाज येतो.

भिंतीकडेच्या खुर्च्यांवर सांभाळणाऱ्या बायका बसल्या आहेत. बारा तासांच्या पाळीच्या, कुणी नालासोपाऱ्याहून येणाऱ्या, कुणी पेशंटच्या घरातच राहणाऱ्या. अशा कार्यक्रमांत त्यांचं काम म्हणजे व्हीलचेअर लावणं आणि पाण्याची बाटली देणं. बोलणारी मंडणगडकडची आहे. बोलून गेल्यावर ती ओशाळते. मुलगी खुर्ची ओढते, “ताई, इकडे या. तुमच्याकडे कसं मोजतात?”

ताई पदर खोचून येतात. मापट्यात तांदूळ भरतात, भरल्यावरही ओततात, कडेवरून ओघळेपर्यंत. टोकदार शीग चढते. “भात द्यायचा तर शीग लावूनच. सपाट दिलं तर सासू बोलेल.” मग रिकामं करताना, “लाभ,” म्हणतात, आणि दुसरं माप ओतताना, “दोन.”

“एक का नाही?” कुणीतरी विचारतं.

“पहिलं माप लाभच म्हणायचं. एक म्हटलं तर एकच ऱ्हायल ना.”

शिक्षिका आजी ऐकत आहेत. त्यांना हे माहीत होतं की नव्हतं ते कळत नाही. त्या मापटं पुन्हा हातात घेतात, शीग लावून भरतात आणि ताईंकडे बघून म्हणतात, “लाभ.” पुढची काही मिनिटं दोघी आळीपाळीने तांदूळ मोजतात. वाडग्याबाहेर सांडलेले दाणे ताई सवयीने वेचत राहतात.

मला या सकाळीतलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. जगभरच्या संग्रहालयांच्या संघटनेने २०२२ साली प्राग शहरात संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात समाजाच्या सहभागाचा उल्लेख आवर्जून आला. समाजात कोण कोण, हे मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरतं. पार्ल्यात ते भिंतीकडेच्या खुर्च्यांपाशी ठरतं. देशात साठीपुढच्या दर शंभरांतल्या साधारण सातजणांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांना भरवणारे, धुणारे, रात्री उठून बाथरूमला नेणारे हात बहुतेक घरांत लेकीसुनांचे किंवा अशा ताईंचे असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ साली स्मृतिभ्रंशासाठी काम सुरू केलं, ते सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण देण्यापासून. मॉन्ट्रियलच्या कलासंग्रहालयाने २०१८पासून डॉक्टरांना मुभा दिली, रुग्णाच्या चिठ्ठीवर संग्रहालयाची भेट लिहून द्या, प्रवेश फुकट. आपल्याकडे हे व्हायला पैशांहून आधी तयारी लागेल, अशा एका सकाळी आजीशेजारी ताईंची खुर्ची ओढण्याची.

आजार यातून बरा होत नाही. वर्कशॉपमधल्या आजोबांचं वाक्य उद्या पुन्हा तुटेल. मुलगी हे नातेवाइकांना स्पष्ट सांगते, आणि ते तिने सांगितलंच पाहिजे. खोटी आशा लावणं ही सेवा नव्हे. एक तास मात्र ही माणसं सांगणारी असतात आणि आपण ऐकणारे. एरवी घरात दिवसभर त्यांनाच सांगितलं जातं, उठा, जेवा, गोळी घ्या, तिकडे जाऊ नका.

फणेरपेटी आतापर्यंत कुणी उघडलेली नाही. शिसवी लाकूड, झाकणाच्या आत आरसा, खाली कुंकवाचे, मेणाचे, फणीचे कप्पे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वापराच्या अशा कितीतरी जिनसा काचेमागे आहेत. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, पेट्या जमवल्या, वीस हजारांच्या घरात. आणि तो सगळा संग्रह सातव्या वर्षी गेलेल्या आपल्या राजाच्या नावाने महाराष्ट्राला देऊन टाकला. त्या वाड्यात गेलं की एका बापाचं दुःख किती जणांच्या उपयोगी पडलं ते कळतं. माणसाला सावरायचं काम वस्तू करू शकतात, हे केळकरांनी कुठल्याही व्याख्येच्या आधी करून दाखवलं.

स्टोव्ह नको म्हणणाऱ्या आजी आता फणेरपेटी जवळ ओढतात. झाकण उभं करतात. आरशात बघत नाहीत. अनामिका थेट डाव्या बाजूच्या छोट्या कप्प्यात जाते, आत फिरते आणि रिकामी बाहेर येते.

“मेण संपलंय,” त्या म्हणतात.

आधी मेणाचं बोट, मग त्यावर पिंजर. त्यांच्या कपाळावर आज बारीक काळी टिकली आहे, लेकीने लावलेली. आजी झाकण मिटतात, पेटी पदराखाली घेतात आणि उठतात. “चल, उशीर झाला.”

लेक गडबडते. “आई, ती आपली नाहीये. ठेव तिथे.” आजी पेटी आणखी घट्ट धरतात. लेकीचा आवाज चढतो, कान लाल झाले आहेत, सगळे बघताहेत. आजींचे ओठ थरथरायला लागतात. मुलगी उठून दोघींच्या मध्ये न जाता आजींच्या बाजूला जाऊन उभी राहते. “आजी, पेटी छान सांभाळलीत. जरा बसा, मला चिठ्ठी करायची आहे.” आजी बसतात, पेटी मांडीवर.

पेटी ज्यांच्या आजीची, ते शेजारच्या इमारतीतले काका चहाचे कप लावत आहेत. मुलगी त्यांना कोपऱ्यात नेऊन विचारते. काका चष्मा काढून पुसतात. त्यांच्यासाठीही ती वस्तू साधी नाही, कपाटात द्यायला त्यांना किती दिवस लागले ते मला ठाऊक आहे. “माळ्यावर तीस वर्षं होती,” ते म्हणतात. “त्यांच्याकडे वापरात राहील. ने म्हणावं.”

मुलगी माझ्याकडून वही घेते आणि नवीन पानावर रकाने आखते. वस्तूचा क्रमांक. अवस्था: झाकणाची एक बिजागरी सैल, आरशाचा पारा उजव्या कोपऱ्यात गेलेला. उसनवार, कुणाकडे. मुदत एक महिना. संग्रहालयातून वस्तू उसनी गेली की तिची अवस्था बघायला कुणीतरी मधून जावं लागतं, हा त्या क्षेत्रातला रिवाज आहे. “दर पंधरा दिवसांनी मी घरी येऊन पेटी बघून जाईन,” ती लेकीला सांगते. “चालेल?”

लेक एवढा वेळ माफी मागत होती, ती थांबते. मग विचारते, “संध्याकाळी याल? संध्याकाळ झाली की आई घरी जायचं म्हणून दाराशी उभी राहते. मला एकटीला आवरत नाही.”

मुलगी रकान्यात लिहिते, संध्याकाळी साडेपाच.

“आणि मेण?” शिक्षिका आजी तांदळातून मान वर करून विचारतात. मेण नुसतं लावत नाहीत, खोबरेलात कढवून घ्यावं लागतं, हे दोघी-तिघी एकदम सांगायला लागतात. किती मेणाला किती तेल, यावर एकमत होत नाही. दादरला मिळेल, असं काकूंचं म्हणणं. मंडणगडच्या ताई म्हणतात, विकत कशाला, शिमग्याला गावी जाणारच आहे, पोळ्याचं मेण घेऊन येईन, पण तोवर महिना जाईल. “मग मुदत वाढवून घ्या,” काका कप गोळा करता करता म्हणतात. मुलगी मुदतीचा रकाना खोडते आणि त्यापुढे शिमग्यानंतरची तारीख घालते.